दारातलं दुखणं

डॉक्टर लोवेल ऑसगार्डने एकवीस वर्षांची नोकरी सोडली ती एका दारापायी. गावाला वाटलं, पगारावरून बिनसलं असेल. शेजारच्या ड्वेनला वाटलं, नक्की काहीतरी भानगड असेल. आणि आर्डिसला, म्हणजे खुद्द डॉक्टरच्या बायकोला वाटलं, छप्पन्नाव्या वर्षी पुरुषांचं असंच होतं. कोणी मोटारसायकल घेतो, आपल्याकडच्याने दवाखाना घ्यायचं काढलंय. पण खरं कारण दार.

हे कळायचं तर उत्तर मिनेसोटातल्या माणसांच्या दोन खोडी आधी सांगायला हव्यात. पहिली अशी, की ही माणसं मुद्द्याचं कधी बसून बोलत नाहीत. तास-तासभर बसतील, तळ्यावरचा बर्फ किती इंच जाड झालाय ते सांगतील, कोणाचा ट्रक त्यात गेला ते सांगतील. मग दोन्ही मांड्यांवर थाप मारून "चला, निघावं म्हणतो" म्हणतील, कोट चढवतील, दाराच्या मुठीवर हात ठेवतील आणि मग म्हणतील, "हां, एक राहिलंच की. परवा आमचं कोठार जळालं." दुसरी खोड, काहीही विचारलं की आधी नाही म्हणायचं. कॉफी घेणार? नको नको. अरे घे की. छे, उगाच तुम्हाला त्रास. घे रे बाबा! बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप. दोनदा विचारून थांबणारा यजमान तिथे चिक्कू समजला जातो, आणि पहिल्या फटक्यात हो म्हणणारा पाहुणा बहुतेक शिकागोचा असतो.

आता अशा माणसांना पंधरा मिनिटांत तपासायचं! लोवेल ज्या रुग्णालयांच्या कंपनीत होता तिला हॅलस्टन गावात सगळे 'सिस्टिम' म्हणत. सिस्टिमचा नियम, एका पेशंटला पंधरा मिनिटं. पहिली तीन वजनकाट्यावर जायची, सहा संगणकाच्या प्रश्नांना उत्तरं देण्यात. उरलेल्या सहांत पेशंट हवापाण्याचं बोलायचा, कारण घाईघाईने आजाराविषयी बोलणं बरं दिसत नाही. मग मुठीवर हात ठेवून तो म्हणायचा, "बरं का डॉक, अधूनमधून छातीत कळ येते." तोवर संगणकावरची वेळ मोजणारी पिवळी चौकट लाल झालेली असायची. लोवेलचा ठाम सिद्धांत होता की या मुलुखातलं प्रत्येक दुखणं दारात राहतं.

आणि एके दिवशी एल्विन रूडक्विस्ट आला. एल्विन अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, निवृत्त शाळा-बस ड्रायव्हर. लोवेल लहानपणी त्याच्याच नऊ नंबरच्या बसने शाळेत गेलेला. पोरगं दिसलं नाही तर एल्विन फाटकापाशी तीन हॉर्न द्यायचा. तिसरा हॉर्न दिल्याशिवाय त्याने बस कधी हलवली नाही, आणि लोवेलला बूट कायम तिसऱ्या हॉर्नलाच सापडायचे. तर हा एल्विन त्या दिवशी उठला, टोपी घातली, मुठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "बरं का लोवेल, एक सांगायचं होतं..." तेवढ्यात बाहेरून दार उघडलं. मूठ एल्विनच्या हातातून निसटली आणि व्यवस्थापक बाई आत डोकावून म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही सात मिनिटं मागे आहात." एल्विन एवढा ओशाळला, की बाईंचीच दोनदा माफी मागून निघून गेला. लोवेलने नंतर फोन केला तर म्हणे, "छे रे, काही नाही. कुत्र्याबद्दल होतं." कुत्र्याबद्दल होतं की नव्हतं, देव जाणे. लोवेलला आठवडाभर झोप लागली नाही.

त्याने राजीनामा दिला. बेत साधा होता. स्वतःचा छोटा दवाखाना काढायचा. विमा कंपनीला मध्ये घ्यायचंच नाही. लोकांनी दरमहा ठरावीक वर्गणी द्यायची, मग महिन्यातून एकदा या नाहीतर तीसदा या, पाच मिनिटं बसा नाहीतर पाच तास.

"म्हणजे वर्तमानपत्रासारखं?" आर्डिसने विचारलं.

"तसंच म्हण."

"मग लोक तुला घडी न उघडता रद्दीत टाकतील."

ड्वेनचं मत वेगळं होतं. ड्वेनने आयुष्यभर ट्रॅक्टर विकले, त्यामुळे जगातल्या कुठल्याही धंद्यावर तो बोलू शके. "झकास धंदा आहे," तो कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला. "व्यायामशाळेचं गणित आहे हे. लोक जानेवारीत वर्गणी भरतात आणि परत तोंड दाखवत नाहीत. तू फक्त एक कर, कोणी आलाच तर त्याच्याशी गोड बोलू नकोस. सवय लागते."

"अरे, पण मला यायलाच हवेत ते!"

"मग तुला धंदा कळत नाही," ड्वेन म्हणाला आणि बर्फ उपसायला गेला.

धंदा कळत नव्हता हे खरंच. सिस्टिमशी केलेल्या करारात एक कलम होतं. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं, वीस मैलांच्या आत दवाखाना काढायचा नाही आणि जुन्या पेशंटांना आपणहून बोलवायचं नाही. ड्वेनने स्वतःच्या गाडीने अंतर मोजून एकवीस मैलांवर एक छानशी जागा शोधून दिली. लोवेलने भिंतींना रंगसुद्धा काढला. मग सिस्टिमच्या वकिलाचं पत्र आलं, की अंतर रस्त्याने नव्हे, सरळ रेषेत मोजायचं असतं, आणि सरळ रेषेत ते सतरा मैल भरतं. मध्ये तळं होतं ना! "पण तळ्यावरून पेशंट येणार कसा?" लोवेलने वकिलाला विचारलं. वकील शांतपणे म्हणाला, "हिवाळ्यात येऊ शकतो." आणि हिवाळ्यात खरोखरच सगळं गाव तळ्यावरून गाड्या नेतं.

शेवटी चोवीस मैलांवर, तेही सरळ रेषेत, पाइक कॉर्नर नावाच्या चौरस्त्यावर एक जागा मिळाली. मासेमारीचं आमिष विकायचं बंद पडलेलं दुकान. वास सोडला तर जागेत काही वाईट नव्हतं, आणि वास काही सोडत नव्हता. छपरावर फायबरचा दहा फुटी मासा, आणि भिंतीवर हातभर अक्षरांत: 'जिवंत गांडुळं. मोठी. आत या.' लोवेल म्हणाला, हे पुसून माझं नाव लिहितो. जिल्ह्याच्या कचेरीत कळलं, की जुनी पाटी तशीच ठेवायला परवानगी लागत नाही, पण बदलायची तर पाट्यांच्या समितीपुढे सुनावणी लागते. आणि समितीतले दोघे हिवाळाभर ॲरिझोनात ऊन खायला गेलेले, तेव्हा सुनावणी एप्रिलमध्ये. माशाचा तर प्रश्नच नव्हता. सगळा जिल्हा 'माशापासून डावीकडे वळा' असा पत्ता सांगतो, त्याला हात लावलात तर रुग्णवाहिका चुकतील, असं कचेरीतल्या बाईंनी डॉक्टरलाच बजावलं.

त्यात विमा खात्याचं पत्र आलं. तुम्ही लोकांकडून दरमहा वर्गणी घेणार, म्हणजे तुम्ही विमा कंपनी आहात का? लोवेलने कळवलं, मी विमा नाही. उलट टपाली अर्ज आला, आपण विमा नसल्याचं सिद्ध करण्याचा. नऊ पानी. चौथ्या पानावर प्रश्न होता, 'आपण खालीलपैकी कोणत्या प्रकारचा विमा नाही?' लोवेलने सगळ्याच चौकटींत खुणा केल्या. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला, फक्त एकाच चौकटीत खूण करावी म्हणून.

दवाखाना उघडला. पहिल्या आठवड्यात अकरा माणसं आली. त्यातल्या नऊ जणांना गांडुळं हवी होती. एकाला गांडुळं नाहीत हे कळल्यावर इतकं वाईट वाटलं, की तो रक्तदाब मोजून घेऊन गेला.

पण हळूहळू हॅलस्टनची माणसं यायला लागली. बोलवायची बंदी होती, म्हणून किराणा दुकानात जुना पेशंट दिसला की लोवेल टोमॅटोच्या मागे लपायचा. पण चर्चच्या तळघरात कॉफी उकळणाऱ्या बायकांना कोणाचा करार लागू होतो? दोन रविवारांत सगळ्यांना सगळं कळलं. आणि पहिला वर्गणीदार झाला एल्विन रूडक्विस्ट. चोवीस मैल गाडी हाकत आला, टोपी काढली, छपराकडे बोट दाखवून म्हणाला, "मासा बरा आहे."

लोवेलला आभाळ ठेंगणं झालं. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो माणूस समोर बसला होता, आणि भिंतीवर घड्याळसुद्धा नव्हतं. घड्याळ लावायचं नाही ही लोवेलची पहिली प्रतिज्ञा. दुसरी, संगणक खोलीत आणायचा नाही. तिसरी, आल्या आल्या माणसाला गुरासारखं वजनकाट्यावर चढवायचं नाही. काटा त्याने आणलाच नव्हता. आणि चौथी गोष्ट म्हणजे त्याच्या डोक्यातून निघालेली खास युक्ती. दारापाशी त्याने सुताराकडून एक छोटी खोली काढून घेतली, बाहेरचं दार आणि आतलं दार यांच्यामध्ये. तिथे दोन मऊ खुर्च्या, एक दिवा आणि कोट अडकवायला खुंट्या. या लोकांना दारात बोलायचं असतं ना? मग दारातच बसून बोलू दे निवांत!

"दारात खुर्च्या?" आर्डिस म्हणाली. "अरे, बसल्यावर ते दार राहील का?"

लोवेलने तिकडे लक्ष दिलं नाही. बायकोचं एक वाक्य ऐकलं असतं तर या गोष्टीचं काय झालं असतं, हा विचार त्याने पुढे फार वेळा केला.

एल्विन दर मंगळवारी यायचा. लोवेल विचारायचा, "काय एल्विन, तब्येत काय म्हणते?" एल्विन म्हणायचा, "तक्रार करण्याजोगं काही नाही." मग कॉफी. नको नको, अरे घे, छे छे, घे रे, बरं अर्धा कप. आर्डिस लिंबाच्या वड्या करून पाठवायची. आणि आता त्या लोकांची तिसरी खोड सांगायला हवी. तिकडे ताटातला शेवटचा तुकडा कोणी म्हणून घेत नाही. अर्धा करून अर्धा ठेवतात, दुसरा येऊन त्या अर्ध्याचा अर्धा करतो. संध्याकाळपर्यंत ताटात वाटाण्याएवढी वडी राहते, पण राहतेच. एल्विन त्यातला पक्का. आधी आख्खी वडी घ्यायचा, मग अर्धी घ्यायला लागला, मग पाव. जानेवारीत तर सुरीच्या टोकावर येईल एवढीच घेऊन ती कॉफीत बुडवून बराच वेळ चघळत बसायचा. उरलेली रुमालात बांधून कुत्र्याला न्यायचा. लोवेल मनात म्हणायचा, काय मर्यादा आहे माणसाची! जुनी माणसं ती जुनीच.

एकदा त्याचा पट्टा सैल दिसला. "बारीक झालास का रे?" लोवेलने विचारलं.

"व्हर्ना गेल्यापासून माझ्याच हातचं खातोय ना," एल्विन म्हणाला. व्हर्ना म्हणजे त्याची दिवंगत बायको. "तू खाऊन बघ, तूही होशील."

दोघं खो खो हसले. काय मंगळवार होते ते! नऊ नंबरच्या बसमध्ये कोण कोणाशेजारी बसायचं, कोण कोणाच्या अंगावर ओकलं, कुठल्या पोराने बेडूक आणला, सगळं निघायचं. दोन-दोन तास. मग एल्विन मांड्यांवर थाप मारून उठायचा, दारातल्या खोलीत जायचा आणि मऊ खुर्चीत बसून बूट घालायचा. लोवेल समोरच्या खुर्चीत जीव कानात आणून बसायचा. आता सांगेल. आता बोलेल. एल्विन म्हणायचा, "बरं का लोवेल, एक सांगायचं होतं..." आणि मग त्या खुर्चीला टेकून, दिव्याकडे बघून म्हणायचा, "जाऊ दे. घाई थोडीच आहे? पुढच्या मंगळवारी बोलू."

आणि लोवेलला वाटायचं, बरोबर आहे, घाई नाही. घाई नसावी म्हणून तर एवढं सगळं केलं. असे चौदा मंगळवार गेले.

दवाखान्याचा फोन सगळ्यांना दिला होता, दिवसा-रात्री कधीही करा म्हणून. कोणीही करत नव्हतं. पहिल्या महिन्यात लोवेलने दोनदा दुसऱ्या फोनवरून स्वतःलाच फोन करून पाहिला, चालू आहे ना म्हणून. हेल्गा नावाच्या एका वर्गणीदार बाईंनी मनगट मोडल्यावर चार दिवस वाट पाहिली. का, तर "तू जेवत असशील म्हटलं." चारही दिवस?

मार्चमध्ये एका मंगळवारी एल्विन आला नाही. लोवेलने वड्यांवर झाकण घातलं. फोन करावासा वाटला, पण मग आपल्यात आणि सिस्टिमच्या आठवण करून देणाऱ्या यंत्रात फरक काय? माणसाला मोकळं सोडावं. पुढच्याही मंगळवारी एल्विन आला नाही. त्या संध्याकाळी ड्वेन कुंपणाशी आला. हवेविषयी बोलला, ट्रॅक्टरविषयी बोलला, घराकडे वळला आणि फाटकाला हात लावून म्हणाला, "एल्विनचं कळलं असेलच तुला."

कळलं नव्हतं. झालं असं, की सिस्टिमच्या संगणकातून एल्विनचं नाव कोणी काढलंच नव्हतं. यंत्राचा फोन गेला: 'आपली भेट गुरुवारी दोन वाजता आहे. येणार असाल तर एक दाबा.' एल्विन पडला भिडस्त, यंत्रालासुद्धा नाही कसं म्हणणार? त्याने एक दाबला. गुरुवारी गेला. नर्सने काट्यावर चढवलं, तर वर्षभरात अडतीस पौंड वजन उतरलेलं. लोवेलच्या जागी आलेली तरुण डॉक्टर तेव्हाच चमकली होती. पण तो आपला हवेविषयी बोलत राहिला. चौदावं मिनिट झालं, पिवळी चौकट लाल व्हायला आली, एल्विन उठला, मुठीवर हात ठेवला. आणि आता पुन्हा चार महिने गाठ पडायची नाही म्हणून बोलला. "एक राहिलंच, बाई. घास अडकतो घशाखाली. बरेच दिवस झाले."

अन्ननलिकेत गाठ होती आणि ती यकृतापर्यंत गेली होती.

लोवेल घरात आला. आर्डिसने ओट्यावर वड्या कापून ठेवल्या होत्या, मंगळवारच्या उरलेल्या. तो त्यांच्याकडे बघत उभा राहिला. आख्खी, अर्धी, पाव, सुरीच्या टोकावरची. चौदा आठवडे दुखणं त्याच्यासमोर बशीत मांडून ठेवलं होतं आणि तो त्या माणसाच्या मर्यादेचं कौतुक करत बसला होता. "मी डॉक्टर आहे गं," तो आर्डिसला म्हणाला. आर्डिस नेहमी काहीतरी टोचून बोलायची. त्या संध्याकाळी तिने नुसता त्याचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी तो सिस्टिमच्या इस्पितळात गेला. एकवीस वर्षं मागच्या दाराने आत शिरलेला माणूस, त्याला पुढच्या दारावर नाव लिहून छातीला पाहुण्याची चिकटपट्टी लावावी लागली. एल्विन खिडकीशी पडला होता आणि पलंगात त्याच्यापेक्षा उशीच जास्त दिसत होती.

"सॉरी हं लोवेल," एल्विनच आधी म्हणाला. "तुला न सांगता इकडे आलो. वाईट दिसलं."

"एल्विन, तू मला का नाही सांगितलंस?"

एल्विनने पांघरुणाची कड सारखी केली. "सांगणार होतो. पण इतकं छान चाललं होतं रे आपलं. व्हर्ना गेल्यापासून दोन तास कोणी बसलं नव्हतं माझ्याजवळ. म्हटलं, हे बोललो की तू पुन्हा डॉक्टर होशील."

 लोवेल हवेविषयी बोलला. बर्फ वितळायला लागलाय म्हणाला. पाट्यांच्या समितीची सुनावणी लागलीय म्हणाला. मग मांड्यांवर थाप मारून उठला, कोट घातला, दारापर्यंत गेला आणि मुठीवर हात ठेवला. मूठ थंडगार होती. तो तिथेच उभा राहिला.

"बोल की," पलंगावरून एल्विन म्हणाला. "दारात आलास म्हणजे काहीतरी असणारच."

लोवेल दाराकडे तोंड करूनच म्हणाला, "मी तुला कॉफी तीनदा विचारायचो. दर मंगळवारी तीनदा. तब्येत एकदाच विचारली."

 एल्विन हसला, खोकला आला म्हणून थांबला. "तू नेहमी तिसऱ्या हॉर्नलाच यायचास," तो म्हणाला.

लोवेल मागे वळला. कोट काढला, खुर्ची ओढून पलंगाला लावली आणि बसला.

"एल्विन, दुखतंय का?"

"छे रे. तक्रार करण्याजोगं काही नाही."

"दुखतंय का?"

"तसं काही विशेष नाही. तुला उशीर होत असेल."

"एल्विन, दुखतंय का तुला?"

एल्विनने खिडकीकडे पाहिलं. खाली रस्त्यावर शाळेच्या पिवळ्या बसेस वळत होत्या. त्यातली शेवटची दिसेनाशी होईपर्यंत तो बघत राहिला.

"हो," तो म्हणाला. "फार दुखतंय."

लोवेलने त्याचा हात हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने नर्सची घंटा दाबली.